४०१के मोडून गोल्ड आयआरए काढावं का?

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं. वय ५६. फार्मा कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला बरीच वर्षं नोकरी केली, यावर्षी लेऑफ झाला. त्या कंपनीच्या ४०१के मध्ये, म्हणजे नोकरीतून साठवलेल्या रिटायरमेंट अकाउंटमध्ये, ३ लाख ८० हजार डॉलर आहेत. मिस्टरांची नोकरी चालू आहे, मॉर्गेज अजून सात वर्षं बाकी, मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. २०२२ ला ४०१के चा आकडा खाली गेला तेव्हापासून धास्ती बसलीये. रेडिओवरची जाहिरात ऐकून त्यांनी एका गोल्ड आयआरए (आयआरए म्हणजे स्वतःच उघडायचं रिटायरमेंट अकाउंट, यात सोनं ठेवायचं) कंपनीचं 'फ्री किट' मागवलं, तेव्हापासून तिथला माणूस आठवड्यातून दोनदा फोन करतो. सगळी रक्कम रोलओव्हर करा, म्हणजे ४०१के मधून आमच्या अकाउंटला हलवा, टॅक्स नाही, पेनल्टी नाही, वर १० हजार डॉलरची चांदी फुकट, पण ऑफर महिनाअखेरपर्यंतच. मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या एका ओळखीच्या जोडप्यानेही तिथेच केलंय. मिस्टर म्हणतात सोनं म्हणजे बायकांचं खूळ, पैसे मार्केटमध्येच राहू दे. स्वतःचे आणि सासरचे मिळून ३० तोळ्यांचे दागिने आहेतच. ताई लिहितात, "माझ्या आईने पाटल्या मोडून माझी इंजिनिअरिंगची फी भरली. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा सोन्यानेच घर चालवलं. मग मी चुकते कुठे?"

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते. सोन्यावर विश्वास ठेवण्यात तुम्ही अजिबात चुकत नाही. ज्या घराने सोन्याच्या जिवावर वाईट दिवस काढलेत त्या घरातल्या लेकीला 'बायकांचं खूळ' असं म्हणणं बरोबर नाही, आणि हे मिस्टरांनाही वाचायला द्या. २०२२, २०२३, २०२४ अशी ओळीने तीन वर्षं जगभरच्या सेंट्रल बँकांनी मिळून दरवर्षी १,००० टनांच्या वर सोनं घेतलंय, आपल्या रिझर्व्ह बँकेकडे ८०० टनांच्या वर आहे, ही माणसं काही खुळी नाहीत. २००८ ला इथला शेअर बाजार ३८ टक्के पडला त्या वर्षअखेरीला सोनं थोडं वरच होतं. तेव्हा रिटायरमेंटच्या पैशात थोडं सोनं असावं असं तुम्हाला वाटत असेल तर त्याला माझा काहीच विरोध नाही.

पण तुमच्या आईच्या कपाटात जे होतं आणि हा फोनवरचा माणूस तुम्हाला जे विकतोय त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरचा तुमचा विश्वास तो दुसरीच्या नावावर वापरून घेतोय. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

आईच्या पाटल्या आईच्या ताब्यात होत्या. अडचण आली, सराफाकडे गेली, त्याने कस लावला, काट्यावर ठेवल्या, घट धरली, आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे हातात. कुणाला विचारायचं नव्हतं, कुठला फॉर्म भरायचा नव्हता. गोल्ड आयआरए मधलं सोनं तुम्ही घरी ठेवूच शकत नाही. ते बँकेच्या किंवा आयआरएसने (इथलं टॅक्स खातं) मान्यता दिलेल्या ट्रस्टीच्याच ताब्यात पाहिजे असा कायदा आहे, म्हणजे ते डेलावेअर नाहीतर टेक्सासच्या कुठल्यातरी व्हॉल्टमध्ये पडून राहणार आणि तुमच्याकडे येणार फक्त स्टेटमेंट. काही लोक एलएलसी (छोटी खाजगी कंपनी) काढून 'होम स्टोरेज'ची आयडिया पण विकतात, त्याच्या तर वाऱ्याला उभ्या राहू नका. ऱ्होड आयलंडच्या एका जोडप्याच्या बाबतीत असंच झालं, आयआरएच्या पैशातून घेतलेली अमेरिकन ईगल नाणी घरच्या तिजोरीत ठेवली होती, आणि २०२१ मध्ये टॅक्स कोर्टाने सांगितलं की नाणी हातात आली तेव्हाच तुम्ही आयआरए मधून तेवढे पैसे काढले असं धरलं जाईल, त्यावर टॅक्स भरा. तुमचे दागिने किंवा घरात असलेली नाणी या अकाउंटमध्ये टाकताही येत नाहीत, दागिना चालतच नाही आणि अकाउंटमध्ये पैसेच जातात, त्या पैशातून मग डीलरकडून नवीन नाणं किंवा बिस्किट घ्यायचं. आणि मोडायची वेळ आली की आधी डीलर शोधा, कस्टोडियनला, म्हणजे अकाउंट सांभाळणाऱ्या संस्थेला, कळवा, विकून पैसे अकाउंटला येऊ देत, मग तुम्ही काढा, आणि काढलेली सगळी रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न म्हणून टॅक्सला लागणार. फी भरायची मुदत उद्यावर आलेली असताना हे सोनं आईच्या पाटल्यांसारखं कामाला येत नाही.

दुसरी गोष्ट मला जरा नीट सांगायचीय कारण आपल्यापैकी फार लोकांच्या हे लक्षात येत नाही. 'सोनं कधी खाली येत नाही' हा आपल्या घराघरातला अनुभव खरा आहे, पण तो रुपयातला आहे. २१ जानेवारी १९८० ला सोनं औंसाला ८५० डॉलरला पोचलं होतं, तिथून जे घसरत गेलं ते २००१ मध्ये २६०-२७० डॉलरवर होतं, आणि परत ८५० बघायला जानेवारी २००८ उजाडावं लागलं. अठ्ठावीस वर्षं, आणि यात महागाई धरलेलीच नाही. आता याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं बघा. १९८० ला दहा ग्रॅम साधारण १,३०० रुपयांना होतं, २००१ ला ४,३०० च्या आसपास. म्हणजे इथे निम्म्याहून खाली आणि तिथे तिपटीच्या वर, सोनं तेच. फरक मुख्यतः रुपयाचा, डॉलर तेव्हा आठ रुपयाला होता तो ४७ रुपयांवर गेला होता. तुमच्या आईला सोन्याने तारलं त्यात रुपयाच्या घसरणीपासून वाचवण्याचा वाटा फार मोठा होता. तुमचं मॉर्गेज, मुलीची फी, ग्रोसरी, उद्याचं मेडिकल, सगळं डॉलरमध्ये आहे, त्यामुळे तो फायदा तुम्हाला मिळणार नाही, आणि जी घसरण आईला कधी दिसलीच नाही ती तुम्हाला पूर्ण दिसेल.

ही फक्त जुनी गोष्ट पण नाही. सप्टेंबर २०११ मध्ये सोनं १,९०० डॉलरच्या आसपास होतं, डिसेंबर २०१५ ला १,०५० च्या आसपास. जुना आकडा ओलांडायला २०२० चा उन्हाळा लागला. आणि महागाईचं म्हणाल तर जून २०२२ मध्ये इथली महागाई ९.१ टक्के होती, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये २,०५० ला असलेलं सोनं सप्टेंबरअखेर १,६५० च्या खाली गेलं होतं. फोनवरचा माणूस तुम्हाला ऑक्टोबर २०२५ मध्ये ४,००० पार झालं ते सांगतो, ते खरंच आहे, पण त्याच चार्टवरचा हा भाग तो सांगणार नाही. सोन्याचा भाव पुढे कुठे जाईल यावर मी काही बोलत नाही, कुणीच छातीठोक बोलू नये. मी एवढंच म्हणते की २०२२ ची घसरण बघून तुमची झोप उडाली असेल तर सगळे पैसे अशा गोष्टीत टाकून झोप येणार नाही जी स्वतःच चार वर्षांत ४५ टक्के पडू शकते.

आता खुद्द त्या अकाउंटकडे येते. बऱ्याच लोकांना वाटतं 'गोल्ड आयआरए' ही सरकारची काहीतरी स्पेशल स्कीम आहे. तसं काही नाही. ते सेल्फ-डिरेक्टेड, म्हणजे आत काय ठेवायचं ते आपण ठरवायचं असं आयआरए असतं, ज्यात १९९७ च्या कायदाबदलानंतर ठराविक शुद्धतेचे धातू ठेवता येतात, सोनं ९९.५ टक्के, चांदी ९९.९, प्लॅटिनम आणि पॅलेडियम ९९.९५. अमेरिकन ईगल नाणं २२ कॅरेटचं असूनही चालतं कारण त्याला कायद्यातच वेगळी सूट आहे. 'आयआरएस अप्रूव्ह्ड' असं जे ब्रोशरवर मोठ्या अक्षरात असतं त्याचा अर्थ एवढाच की हे नाणं नियमात बसतं. ते तुमच्यासाठी चांगलं आहे का, भाव योग्य लावलाय का, हे आयआरएस बघत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे कस्टोडियनही बघत नाही. कस्टोडियनचं काम अकाउंट सांभाळणं आणि कागदपत्रं करणं, तुम्ही बाजारभावाच्या दीडपट दिलेत तरी तो अडवणार नाही. फोनवर बोलणारा माणूस डीलरचा सेल्समन आहे, तुमचा सल्लागार नाही, आणि तुमच्या हिताचंच सांगितलं पाहिजे असं कायदेशीर बंधनही बहुतेक वेळा त्याच्यावर नसतं.

आणि सगळी मेख भावात आहे. सराफाकडे आपण घडणावळ देतो आणि मोडताना ती परत मिळत नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, म्हणून तर पाडव्याला, दसऱ्याला कितीतरी घरांत दागिन्यापेक्षा वेढणी घेतात. इथल्या या धंद्यात घडणावळ असतेच, फक्त ती बिलावर वेगळी लिहिलेली नसते. साधं एक औंसाचं ईगल किंवा बिस्किट घेतलं तर स्पॉट भावाच्या, म्हणजे त्या वेळच्या बाजारभावाच्या वर थोडे टक्के लागतात, ते समजण्यासारखं आहे. पण सेल्समन तुम्हाला हळूच साध्या नाण्यांवरून 'प्रीमियम', 'प्रूफ', 'लिमिटेड' नाण्यांवर नेतो आणि तिथे हिशोब बदलतो. समजा नाण्यावर ३० टक्के जास्त लावले. १ लाख डॉलर दिलेत तर धातू आला साधारण ७७ हजारांचा. परत विकताना स्पॉटपेक्षा तीन टक्के कमी मिळाले असं धरा, तर सोनं ३४ टक्के वाढेल तेव्हा कुठे तुम्ही आपल्या मुद्दलाला पोचणार. ती १० हजारांची फुकट चांदी कुठून येते ते इथे कळतं.

हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, हे कोर्टात गेलेलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सीएफटीसी (वायदेबाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) आणि ३० राज्यांनी मिळून बेव्हर्ली हिल्सच्या एका डीलरवर केस केली, आरोप होता की वयस्कर लोकांना भीती दाखवून रिटायरमेंटचे पैसे काढायला लावले आणि नाणी अवाच्या सवा भावाने विकली, एकूण आकडा १८५ मिलियन डॉलर. मे २०२३ मध्ये एसईसीने (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) कॅलिफोर्नियाच्याच दुसऱ्या एका कंपनीवर केस केली, तिथे आरोप असा की तोंडी एक ते पाच टक्के मार्कअप (बाजारभावावर लावलेली वाढ) सांगायचे आणि प्रत्यक्षात काही नाण्यांवर शंभर टक्क्यांच्याही वर लावायचे. सगळे डीलर असेच असतात असं मी म्हणणार नाही, सरळ धंदा करणारेही आहेत. पण आठवड्यातून दोनदा फोन, महिनाअखेरची मुदत आणि 'सगळी रक्कम' हा आग्रह, ही तीनही लक्षणं तुमच्या पत्रात आहेत.

अजून एक गोष्ट तो कदाचित सांगेल, १९३३ ची. रुझवेल्टने तेव्हा लोकांकडचं सोनं औंसाला २०.६७ डॉलरने सरकारजमा करायला लावलं आणि पुढच्या वर्षी भाव ३५ डॉलर केला, हे खरंय. मग म्हणतात जुनी दुर्मिळ नाणी घ्या, ती जप्त होत नाहीत. आपल्याला ही भीती पटकन पटते कारण घरी कुणीतरी १९६३ चे सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणि १४ कॅरेटचं सोनं पाहिलेलं असतं. पण विचार करा, सरकार सोनं जप्त करेल अशी भीती असेल तर ते सरकारमान्य ट्रस्टीच्या व्हॉल्टमध्ये, आयआरएसला दरवर्षी ज्याची किंमत कळवली जाते अशा अकाउंटमध्ये का ठेवायचं?

आता तुमच्या बाबतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी त्या माणसाने बहुतेक सांगितलीच नसेल. ज्या वर्षी तुम्ही ५५ च्या होता त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सुटली तर त्या कंपनीच्या ४०१के मधून पैसे काढायला १० टक्के पेनल्टी लागत नाही, फक्त इन्कम टॅक्स लागतो. तुम्ही ५६ च्या आहात, लेऑफ यावर्षी झालाय, म्हणजे हा दरवाजा तुम्हाला आत्ता उघडा आहे. तोच पैसा एकदा आयआरए मध्ये नेलात, मग ते सोन्याचं असो की साधं, की हा दरवाजा बंद, मग साडेएकोणसाठपर्यंत काढायचं झालं तर आयआरएच्या मोजक्या सवलती सोडल्या तर पेनल्टी आहे. तुमची नोकरी गेलीये, मॉर्गेज आहे, मुलगी शिकतेय, देव न करो पण मिस्टरांच्या नोकरीला उद्या काही झालं तर याच तीन वर्षांत तुम्हाला पैशाला हात लावावा लागू शकतो. हे एकच कारण सगळी रक्कम न हलवायला पुरेसं आहे असं मला वाटतं. फक्त प्लॅनवाल्यांना फोन करून विचारून घ्या की थोडे थोडे काढता येतात का, काही प्लॅन एकदम सगळेच काढू देतात.

आणि घाई कसलीच नाही. बरेच जण समजतात नोकरी सुटली की ४०१के तिथून काढावंच लागतं. बॅलन्स ७,००० डॉलरच्या वर असेल तर या वयात कंपनी तुम्हाला जबरदस्तीने बाहेर काढू शकत नाही. पैसे आहेत तिथे राहू शकतात, एक महिना, एक वर्ष, अजून काही वर्षंही.

मग धास्तीचं काय करायचं? तुमची धास्ती खरी आहे, आणि मिस्टर 'मार्केटमध्येच राहू दे' म्हणतात तेव्हा ते त्या धास्तीला उत्तर देत नाहीयेत. तुम्हा दोघांचं भांडण सोन्यावरून चाललंय पण प्रश्न असा आहे की पुढच्या पाच-सहा वर्षांत जे पैसे लागू शकतात ते पडणाऱ्या-चढणाऱ्या जागी असावेत का. माझं मत, नसावेत. आधी लॉगिन करून बघा की ३ लाख ८० हजारांपैकी शेअर्समध्ये किती आहेत, तुम्ही पत्रात हे लिहिलेलंच नाहीये, आणि मला शंका आहे की बरेच जण जसं नोकरी लागताना टिकमार्क केलेलं तसंच ठेवतात तसं तुमचंही असेल. बऱ्याच ४०१के मध्ये स्टेबल व्हॅल्यू फंड असतो, मनी मार्केट असतं, म्हणजे फार वरखाली न होणाऱ्या जागा, त्यात काही भाग हलवायला रोलओव्हर लागत नाही, टॅक्स नाही, कुणाचं कमिशन नाही, वेबसाइटवर दहा मिनिटांचं काम. महागाईची भीती असेल तर त्यासाठी टिप्स नावाचे सरकारी बाँड आहेत, ज्यांचं मुद्दलच महागाईच्या आकड्याप्रमाणे वाढतं, त्यांचा फंड तुमच्या प्लॅनमध्ये आहे का बघा. दोघांनी एका संध्याकाळी बसून फक्त एक आकडा ठरवा, उद्या मार्केट ४० टक्के पडलं तर कुठली रक्कम शाबूत असली की घर चालेल. त्या आकड्यावर तुमचं एकमत होईल असं मला मनापासून वाटतं.

यानंतरही सोनं हवं असेल तर घ्या, पण आधी घरातलं मोजा. तुमचे ३० तोळे, दहा ग्रॅमचा तोळा आणि २२ कॅरेट धरलं, भाव औंसाला ४,००० डॉलर धरला, तर नुसत्या सोन्याची किंमत होते साधारण ३५ हजार डॉलर. म्हणजे तुमच्या ४०१केच्या नऊ टक्क्यांच्या आसपास सोनं तुमच्याकडे आत्ताच आहे आणि तेही आईसारखं, हातात. तुम्ही म्हणाल दागिने मोडायचे नसतात, ते मुलीचे. मान्य, पण आईच्या पाटल्याही मोडायच्या म्हणून केलेल्या नव्हत्याच ना. मला विचाराल तर रिटायरमेंटच्या रकमेत अजून पाच टक्के, फार तर दहा, त्याच्या वर जाऊ नये.

आणि त्यासाठी व्हॉल्टवालं अकाउंट लागतच नाही. कुठल्याही मोठ्या ब्रोकरेजमधल्या साध्या आयआरए मध्ये गोल्ड ईटीएफ घेता येतात, म्हणजे शेअरसारखे विकत घ्यायचे फंड ज्यांच्यामागे खरं सोनं ठेवलेलं असतं. वर्षाचा खर्च जीएलडी नावाच्या फंडाचा ०.४० टक्के, आयएयूचा ०.२५, जीएलडीएमचा ०.१०. म्हणजे २० हजार डॉलर टाकलेत तर वर्षाला २० ते ८० डॉलर, आणि विकायचं तर बाजार उघडा असताना मिनिटात. व्हॉल्टवाल्या अकाउंटला कस्टोडियनची फी आणि स्टोरेज मिळून वर्षाला साधारण दोनशे-तीनशे डॉलर जातात, सुरुवातीची सेटअप फी आणि भावातला मार्कअप वेगळा. यासाठी प्लॅनवाल्यांना दोन प्रश्न विचारा, एक, प्लॅनमध्ये ब्रोकरेज विंडो, म्हणजे प्लॅनच्या यादीबाहेरचे फंड घ्यायची सोय, आहे का, असेल तर कदाचित ४०१के न सोडताच ईटीएफ घेता येईल, आणि दोन, थोड्याच रकमेचं रोलओव्हर करता येतं का. येत असेल तर पाच टक्के साध्या आयआरए मध्ये न्या, बाकीचं जागच्या जागी राहू दे. आयआरएच्या बाहेर, साध्या अकाउंटमध्ये हेच ईटीएफ किंवा नाणी घेतलीत तर एक वर्षानंतरच्या नफ्यावर शेअर्ससारखा कमी टॅक्स नसतो, २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, हे आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं.

रोलओव्हर किती पण छोटं असो, ते डायरेक्टच करा. म्हणजे चेक नवीन संस्थेच्या नावाने निघाला पाहिजे. तुमच्या स्वतःच्या नावाने निघाला तर कंपनी २० टक्के टॅक्स कापूनच देते. सगळी रक्कम अशी काढली असती तर ७६ हजार कापून ३ लाख ४ हजार हातात आले असते, आणि ६० दिवसांत पूर्ण ३ लाख ८० हजार परत भरायला ते ७६ हजार खिशातून आणावे लागले असते, नाहीतर तेवढ्यावर त्या वर्षीचा टॅक्स. पुढच्या जानेवारीत १०९९-आर फॉर्म येईल त्यावर बॉक्स ७ मध्ये 'जी' कोड आहे ना एवढं बघा, तो डायरेक्ट रोलओव्हरचा कोड.

हे वाचणाऱ्यांमध्ये रिटायर होऊन पुण्या-नाशिकला परत जायचा विचार असलेले बरेच असतात, त्यांनी तर व्हॉल्टचं सोनं अजूनच विचार करून घ्यावं. पंचाहत्तरी गाठली (१९६० मध्ये किंवा नंतर जन्मलेल्यांना ७५, १९५१ ते १९५९ मध्ये जन्मलेल्यांना ७३) की दरवर्षी ठराविक रक्कम काढावीच लागते, तेव्हा कोथरूडमध्ये बसून डेलावेअरच्या व्हॉल्टमधलं एखादं नाणं विकायला डीलर आणि कस्टोडियनच्या मागे लागायचं, हे त्या वयात नको. नाणं जसंच्या तसं काढून घेता येतं पण त्या दिवसाच्या किमतीवर टॅक्स भरायचा आणि भारतात नेताना कस्टमचे नियम आहेतच. परत जाणाऱ्यांनी निघायच्या आधीच इथला सीपीए आणि तिथला सीए, दोघांनाही विचारावं.

आणि तुमच्या त्या ओळखीच्या जोडप्यासारखं ज्यांनी आधीच केलंय त्यांनी घाबरून उद्याच विकू नका. आधी इनव्हॉइस काढा, नाण्याचं नेमकं नाव बघा, त्या तारखेचा स्पॉट भाव शोधा, आणि दुसऱ्या दोन डीलरना फक्त विचारा की हे नाणं आज कितीला घ्याल. फरक थोडा असेल तर प्रश्नच नाही. फार असेल आणि तुम्हाला तोंडी वेगळं सांगितलं गेलं असेल तर फोनच्या तारखा, ईमेल, सगळं गोळा करून राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे आणि सीएफटीसीकडे तक्रार करता येते, दोन्ही ऑनलाइन आणि फुकट. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शिकलेली, हुशार माणसं यात सापडलीत. आणि ताई, त्या जोडप्यालाही हे विचारा, पण गणपतीतल्या गर्दीत विचारू नका, घरी बोलवून शांतपणे विचारा.

तुमच्या त्या माणसाचा परत फोन येईलच. त्याला फोनवर हो-नाही काही म्हणू नका, ईमेलवर तीन आकडे मागा. आजचा स्पॉट भाव, ज्या नाण्याची शिफारस करताय त्याची मला लागणारी किंमत, आणि तेच नाणं मी आजच तुम्हाला परत विकलं तर तुम्ही द्याल ती किंमत. नाण्याचं पूर्ण नाव आणि वजन लिहून. आकडे आले तर मिस्टरांसोबत बसून बघा आणि मलाही पाठवा, मी बघून देईन. आणि मुदत संपतेय म्हणून परत परत फोनच येत राहिले, ईमेल आलाच नाही, तर नंबर ब्लॉक करा आणि ४०१केच्या वेबसाइटवर जाऊन ते शेअर्स किती आहेत ते बघायचं काम आधी उरका.